बसतंय की!

जुलैतला शुक्रवार होता. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत त्या दिवशी बाहेर ४१ अंश, आणि आमच्या पत्र्याच्या हँगरात त्याहून चार जास्तच असावेत. टेबलावर कुणाचं तरी रिझर्व्ह, म्हणजे मेन पॅराशूट बिघडलं तर वापरायचं राखीव पॅराशूट, पसरलेलं, माझ्या हाताला घाम, तेवढ्यात दारातून आवाज आला, "काका, तुम्ही इचलकरंजीचे ना? मी सांगलीचा."

परदेशात हे वाक्य ऐकलं की माणूस निम्मा विरघळतो. मीही विरघळलो, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

मी रिगर आहे. हौसेने विमानातून उड्या मारणाऱ्या लोकांची रिझर्व्ह पॅराशूटं तपासायची, घडी घालून भरायची आणि सील करून द्यायची, हे माझं काम. मेन पॅराशूट उडी मारणारा स्वतः भरतो, दहा मिनिटांत, गप्पा मारत. रिझर्व्हला मात्र परवानाधारक रिगरचाच हात लागावा लागतो, आणि इथल्या नियमाने दर १८० दिवसांनी. (२००८ पर्यंत ही मुदत १२० दिवसांची होती. तेव्हा कामही जास्त मिळायचं.) वडील शिंपी होते. मशीनवरचा हात त्यांच्याकडून आला, आणि "कापड बसलं म्हणजे कपडा झाला असं नाही" हे त्यांचं पालुपदही.

पोरगा सॅन होजेत सॉफ्टवेअरमध्ये होता. शंभराच्या आसपास उड्या झालेल्या, आता स्वतःचा संच घ्यायचा उत्साह. आईला सांगितल्यावर ती म्हणाली होती, "शीतल महाजन नऊवारी नेसून उडी मारते, तुला काय धाड भरलीय?" हे सांगताना तो इतका हसला की मलाही तो आवडून गेला.

त्याने दोन पिशव्या टेबलावर ठेवल्या. एकीत कंटेनर, म्हणजे पाठीवरची बॅग आणि हार्नेस. जुना माल, पण देखणा, गुलाबी-करड्या रंगाचा. दुसरीत १६० चौरस फुटांचं रिझर्व्ह, पातळ कापडाचं. पातळ कापडाचं रिझर्व्ह साधारण एक नंबर लहान, साध्या कापडाच्या रिझर्व्हएवढी जागा घेतं, म्हणून हल्ली सगळ्यांना तेच हवं असतं. रिझर्व्हचा आकार त्याच्या प्रशिक्षकाने सांगितला होता, आणि बरोबर सांगितला होता. कंटेनर मात्र याने स्वस्त मिळाला म्हणून आधीच घेऊन टाकला होता. विकणाऱ्याने सांगितलेलं, १६० बसतं, लोक घालतात.

मी कंटेनर बनवणाऱ्याचा तक्ता काढला. साधं १२६ आरामात. पातळ कापडाचं १४३ व्यवस्थित. पातळ कापडाचं १६०, "घट्ट". तक्त्यातला "घट्ट" हा शब्द फसवा असतो. कंपनी म्हणते, जमेल बहुधा, पण निर्णय रिगरने घ्यावा. कापडाची जाडी, भरणाऱ्याचा हात, हवेतला दमटपणा, सगळ्याने फरक पडतो. म्हणजे ओझं माझ्या गळ्यात.

खरं तर तेव्हाच मी त्याला उभं करून हार्नेस घालून बघायला हवा होता. नाही बघितला. मला ते रिझर्व्ह बसवून दाखवायचं होतं. आमच्या धंद्यात "हा काहीही बंद करू शकतो" अशी ख्याती असणं ही मोठी वाईट गोष्ट आहे, आणि ती माझी होती.

रिझर्व्ह तपासलं, घडी घातली, फ्रीबॅगमध्ये भरलं. फ्रीबॅग म्हणजे रिझर्व्हची आतली पिशवी. तिला दाढेसारखे दोन फुगीर गाल असतात, मधे खाच, त्या खाचेतून बंद करायचा दोरीचा लूप जातो. पिशवी कंटेनरात, वर स्प्रिंगची पायलट च्यूट (वारा पकडून रिझर्व्हला बाहेर ओढणारी छोटी छत्री) दाबायची, लूप एकेका झडपेतून ओढत न्यायचा, प्रत्येक झडपेला तात्पुरती पिन. चौथ्या झडपेला मी टेबलावर चढून गुडघा टेकला. पोरगा बाजूला उभा राहून मोबाइलवर चित्रीकरण करत होता. शेवटी पिन गेली आणि तो ओरडला, "बसतंय की ओ काका!"

बसलं होतं. विटेसारखं कडक.

मग स्प्रिंगचा काटा रिपकॉर्डच्या, म्हणजे पिन ओढून रिझर्व्ह उघडायच्या, हँडलला लावला आणि ओढला. पिन निघताना काट्याने २६ पौंड दाखवले. मर्यादा २२ ची आहे. पडत्या, घाबरलेल्या माणसाला एका हाताने ओढता आलं पाहिजे, एवढाच त्यामागचा हिशेब. मोजायचं म्हणजे उघडायचंच, त्यामुळे पायलट च्यूट टण्णकन उडाली आणि अर्ध्या तासाची मेहनत टेबलावर पसरली.

"लूप थोडा लांब करा की," पोरगा म्हणाला. हुशार होता. पण लूपलाही पुस्तकात लांबी दिलेली असते. तो सैल केला की पायलट च्यूट नीट दाबली जात नाही, आणि रिझर्व्हच्या पिनवरचा ताण कमी होऊन ती नको तेव्हा, विमानाच्या दारात, निसटायची भीती. तरीही मी मर्यादेत राहून अर्धा सेंटिमीटर सोडला, मधलं कापड गालांत सरकवलं, खाच मोकळी केली, आणि पुन्हा भरलं. या खेपेला दीड तास गेला. काटा म्हणाला, २१.

२१ म्हणजे पास. पोराने टाळी दिली. मीही दिली, खोटं कशाला बोलू.

यानंतर मी जे करतो ते कुठल्या फॉर्मवर नसतं. पिन निघालेली, झडपा उघड्या, पायलट च्यूट बाहेर, आणि पिशवी अजून आपल्या खणात. पायलट च्यूटपासून पिशवीपर्यंत जी लांब पट्टी जाते ती हातात धरायची आणि हळूच वर उचलायची. पिशवी अलगद बाहेर आली पाहिजे, उशीच्या अभ्र्यातून उशी निघते तशी. मी उचललं. पिशवी हलली नाही. अजून उचललं. अख्खा संच टेबलावरून उठला आणि माझ्या हाताला लटकत राहिला. मी जरा हिसका दिला. तरी लटकलेलाच.

हँगरात बाकी कुणीतरी रेडिओ लावलेला, पंखा गरगरतोय, आणि हा पोरगा त्या लटकत्या बॅगेकडे बघतोय. त्याने मोबाइल खाली घेतला.

त्याला समजावून सांगितलं. पूर्ण वेगाने पडताना पायलट च्यूटला भरपूर वारा मिळतो, ती ओढून काढेल कदाचित. पण मेन बिघडली आणि तू ती तोडून टाकलीस, तर त्या क्षणी वेग कमी असतो. पायलट च्यूट लुळी, आणि तिने एवढी गच्च पिशवी उपसायची. किंवा तू बेशुद्ध आहेस आणि उघडायचं काम सायप्रेस या आपोआप चालणाऱ्या यंत्राने केलं. ते यंत्र जमिनीपासून सुमारे २२५ मीटरवर लूप कापतं. सेकंदाला पन्नासेक मीटरने पडणाऱ्या माणसाकडे तिथून चार-साडेचार सेकंद असतात. त्यातला एक जरी पिशवी अडकण्यात गेला तर राहिलं काय?

"पण २१ आला ना?"

"२१ हा पिनचा आकडा. पिशवीचा नाही."

मग तो दुसऱ्या टोकाला गेला. मित्राकडे साधं १२६ पडून आहे, ते या कंटेनरात छान बसेल, तेच घालू. हे मला अपेक्षितच होतं. आधी बॅग घेतली की माणूस बॅगेला शोभेल असं रिझर्व्ह शोधत बसतो. आपण उलटीकडून जायचं असतं.

कागद घेतला. त्याचं वजन ८४ किलो, सामान धरून ९५, म्हणजे सुमारे २०९ पौंड. १६० चौरस फुटांनी भागलं तर १.३, हा दर चौरस फुटावरचा भार; तो जितका जास्त तितकी छत्री वेगवान. १४३ ने भागलं तर जवळजवळ दीड. १२६ ने १.६६. मेन म्हणून तो सध्या १७० उडवतोय, म्हणजे १.२३. "म्हणजे जे रिझर्व्ह तू आयुष्यात कधी उडवलेलं नाहीस, जे खाली, घाईत, बदामाच्या झाडांत किंवा कुणाच्या तरी कुंपणावर उतरवायचं आहे, ते तुला तुझ्या रोजच्यापेक्षा कितीतरी वेगवान हवंय?" तो काही बोलला नाही. "आणि सायप्रेस छत्री उघडतो, उतरवत नाही. हात लटकलेले असतील तर ब्रेक लागलेल्या स्थितीत ती तुला जशी नेईल तशी तू जमिनीवर जाणार."

१४३ चं काय, त्याने विचारलं. इथे मी थोडा रेंगाळलो. पातळ कापडाचं १४३ त्या कंटेनरात सहज बसलं असतं. रिझर्व्हच्या पट्टीवर छापलेल्या कमाल वजनातही तो बसला असता. काही रिगर हो म्हणाले असते, आणि मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही. पण शंभर उड्यांच्या माणसाला दीडचा भार मी देत नाही. मग एकदाचा त्याला हार्नेस चढवायला सांगितला, जे सकाळी दहाला करायला हवं होतं. छातीचा पट्टा कसाबसा लागला. वरच्या कड्या खांद्याखाली असायच्या त्या जवळजवळ गळपट्टीला. पायाचे पट्टे शेवटच्या टोकावर. हा संच शिवला होता तो कुणा बुटक्या, हलक्या माणसासाठी. शिंप्याच्या पोराला हे दुपारी तीन वाजता दिसलं.

"माया सोडलेली नाही यात," मी म्हणालो. "उसवून वाढवायला काही जागाच नाही. विकून टाक."

तो चिडला. आवाज चढवला नाही, पण पैसे टेबलावर ठेवताना नोटा जरा आपटल्या. मी घेतले नाहीत. चार तास माझ्याच हौसेपायी गेले होते. त्याला वाटलं मी उपकार दाखवतोय. १६० चं रिझर्व्ह पिशवीत कोंबून तो निघून गेला, "येतो काका" न म्हणता. रात्री बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, सांगलीचा होता म्हणून घट्ट बसवायला गेलास, दुसरा कुणी असता तर दहा मिनिटांत परत पाठवला असतास. यावर मी भाजी वाढून घेतली.

सहा आठवड्यांनी फ्रेस्नोची एक नर्स आली. उंचीने लहान, ५४ किलोची. टेबलावर तिने बॅग ठेवली ती गुलाबी-करडी. आत साधं १२६. सांगलीच्या मुलाने कंटेनर आणि मित्राचं रिझर्व्ह दोन्ही तिला एकत्र विकलं होतं, आणि सोबत सांगितलं होतं म्हणे, अमुक हँगरातल्या काकांकडून भरून घे, ते आधी हार्नेस घालून बघायला लावतील.

मी लावलं. कड्या जिथे हव्या तिथेच आल्या. सामानासकट तिचे १४१ पौंड, भार १.१२. भरलं, काटा लावला, १३. पट्टी धरून उचललं आणि पिशवी वर आली, संच टेबलावर जागच्या जागी. मग पुन्हा भरलं, तात्पुरत्या पिना मोजल्या, पाचच्या पाच, पिनला लाल दोरा बांधला, शिशावर माझी तीन अक्षरं दाबली आणि कार्डावर तारीख घातली.