दर लेबलामागे पाच सेकंद

लेबल प्रिंटर स्लो झाला की मी आधी काय बघतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "लेबल प्रिंटर फार स्लो झालाय, नवीन घेऊ का?" हा फोन मला चाकणहून येतो, भोसरीहून येतो, रांजणगावहूनही. माझं उत्तर ठरलेलं आहे: पैसे नंतर घालू, आधी नेटवर्कच्या तारेवर काय चाललंय ते बघू.

चाकणच्या एका गोदामातली गोष्ट. डिस्पॅचच्या टेबलावर एक ताई. खोकं समोर यायचं, स्कॅनर वाजायचा, ताई हात पुढे करून उभ्या आणि प्रिंटर गप्प. मग खर्रकन लेबल बाहेर. बाहेर गाड्या खोळंबलेल्या आणि सुपरवायझरचं म्हणणं, ताईंचा हात चालत नाही. ते ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण हात तर हवेत थांबलेला मला दिसत होता.

मोबाईलवर स्टॉपवॉच लावून दहा लेबलं मोजली. दहाही वेळा पाच सेकंद आणि वर थोडं. इथेच कान टवकारायचे. लाईन खरोखर तुंबली असेल तर उशीर कमीजास्त होतो. दर वेळी तोच आकडा येत असेल, तर कुणीतरी टायमर संपायची वाट बघतंय.

नेटवर्कच्या स्विचवर प्रिंटरचा पोर्ट मिरर केला, म्हणजे प्रिंटरकडे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्याची नक्कल लॅपटॉपकडे वळवली, आणि ती वाचायला वायरशार्क हे सॉफ्टवेअर लावलं. पोर्ट ९१००, म्हणजे प्रिंटर ज्या क्रमांकावर छपाईचं काम घेतो, तिथलं सगळं चोख! कनेक्शन जुळलं, लेबल गेलं, कनेक्शन बंद. डेटाचा एक तुकडा, म्हणजे पॅकेट, हरवलेला नाही. म्हणजे पाच सेकंद प्रिंटरपर्यंत पोचायच्या आधीच जात होते. मग लेबलं पाठवणाऱ्या लिनक्स सर्व्हरवरच टीसीपीडम्प (वायरशार्कसारखंच, पण कमांडने चालणारं) चालवलं, मुद्दाम फिल्टर न लावता. सॉफ्टवेअर प्रत्येक लेबलासाठी प्रिंटरचं नाव नव्याने विचारत होतं. पहिला प्रश्न जायचा एका डीएनएस सर्व्हरकडे, म्हणजे नावावरून नेटवर्कचा पत्ता सांगणाऱ्या मशीनकडे. उत्तर नाही. बरोबर ५ सेकंदांनी तोच प्रश्न दुसऱ्याकडे, तिथून लगेच उत्तर, आणि मग प्रिंटरशी बोलणं सुरू. लिनक्समध्ये ही वाट बघायची मुदत मुळात ५ सेकंदच असते. पहिल्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता कंपनीच्या जुन्या ऑफिसातला होता. जागा सोडली, मशीन गेलं, पण सेटिंगमधली ती ओळ तशीच राहिली. मी फक्त ९१०० वरच नजर ठेवून बसलो असतो तर हे कधीच दिसलं नसतं.

दुसरे आकडेही ओळखीचे होतात. मध्येमध्ये २०० मिलिसेकंदांचा खंड दिसला तर टीसीपीची पोच, म्हणजे 'डेटा मिळाला' हा समोरच्याचा निरोप, उशिरा येतेय का ते बघा. कनेक्शनचं पहिलंच पॅकेट १ सेकंदाने पुन्हा निघालं, तर प्रिंटर बहुधा दुसऱ्या कॉम्प्युटरच्या कामात अडकलाय. बऱ्याच प्रिंटरचा ९१०० पोर्ट एका वेळी एकच कनेक्शन घेतो.

प्रिंटरकडून 'झिरो विंडो' आली, तर मात्र तो स्वतःच सांगतोय, थांबा, माझा बफर, म्हणजे आलेला डेटा ठेवायची जागा, भरलाय. कधी रोल संपलेला असतो, कधी झाकण उघडं असतं. तसं काही नसेल तर लेबल चित्र म्हणून जातंय का ते तपासा. २०३ डीपीआयवर (इंचाला २०३ ठिपके) ४ बाय ६ इंची लेबलाचं चित्र सव्वा लाख बाइट्सचं होतं, हेक्समध्ये, म्हणजे दर बाइटला दोन अक्षरं, लिहून पाठवलं की जवळजवळ अडीच लाख. तोच मजकूर आणि बारकोड झेडपीएल या लेबल प्रिंटरच्या भाषेतल्या साध्या कमांडमध्ये पाठवला तर एक-दोन केबीत भागतं. प्रिंटर तोच, फरक पाठवणाऱ्याचा.

चाकणला ती जुनी ओळ काढली आणि ताईंना म्हटलं, आता स्कॅन करा. हात पुढे येईपर्यंत लेबल बाहेर आलं होतं. त्यांनी ते चिकटवलं आणि सुपरवायझरना हाक मारली, "साहेब, इकडे येऊन बघा जरा." ते आले, आणि ताईंनी त्यांच्यासमोर ओळीने सहा खोकी काढली.