सरपणाच्या वखारीतला कातीव माल: नाशिकची तीन दिवसांची फेरी

लेथवर, म्हणजे लाकूड फिरतं ठेवून वाडगे, मुठी कातायच्या यंत्रावर, लावायला लाकूड हवं म्हणून नाशिकला गेलात आणि सरळ टिंबर मार्टात शिरलात, तर सागवान, बाहेरून आलेलं पाइन आणि प्लायवूड एवढंच हाती लागेल. तो धंदा चौकटी, दारं आणि फर्निचरवर चालतो. चार इंच जाड, दहा इंच रुंद असा ठोकळा तिथे कुणी राखून ठेवत नाही. कातकामाचा माल सापडतो सरपणाच्या वखारीत, पाडलेल्या वाड्याच्या ढिगात आणि उपटलेल्या बागेच्या बांधावर. फेरीत क्रमही हाच ठेवला होता.

वेळ निवडताना जरा ओढाताण होते. ओलं लाकूड न भेगाळता घरी न्यायचं तर नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. पण द्राक्षबागा मोडतात त्या हंगाम उरकल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलात, आणि तेव्हा नाशिकची कोरडी हवा ओंडक्याचं टोक दोन दिवसांत तडकवते. दोन्ही साधायचं म्हणून मार्चचा पहिला आठवडा धरला. पावसाळ्यात मात्र जाऊ नये. वखारीचा माल ताडपत्रीखाली असतो, निवडू देत नाहीत, आणि आंब्याला चार-आठ दिवसांत निळी-काळी बुरशी धरते.

बरोबर घ्यायचं सामान थोडंच: टेप, खडू, दोरीला बांधलेलं दमदार लोहचुंबक, पिनांचा ओलावामापक, बारीक दातांची हातकरवत, तारेचा ब्रश, अर्धा किलो पांढरा लाकडी गोंद, दोन इंची ब्रश, गोणपाट आणि सुतळी. ओंडक्याची टोकं तडकू नयेत म्हणून त्यांना मेण वितळवून लावणं गोंदापेक्षा चांगलं, पण प्रवासात ते जमत नाही. घरी लावायचं तर मेणाचं भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावं, थेट आचेवर कधीच नाही.

पहिला दिवस शहरातल्या वखारींचा. इथे चिंच, बाभूळ, कडुनिंब, शिरीष, आंबा, बोर, निलगिरी, सुबाभूळ असं सगळं एकाच ढिगात पडलेलं असतं, आणि विकतात वजनावर. सकाळी लवकर जावं, कारण गाडी उतरली की फोडणारे कुऱ्हाड घेऊन बसतात आणि दुपारपर्यंत चांगल्या ओंडक्याच्या ढलप्या झालेल्या असतात. “शेठ, हे चार फोडू नका, आख्खे द्या” एवढं आधी सांगून ठेवलं की पुढचं सोपं जातं. निवडून घेणाऱ्याला भाव चढा लागतो, ते मान्य करावं. सरपणाच्या दुप्पट दिले तरी तयार ठोकळ्यापेक्षा ते स्वस्तच पडतं. ओल्या ओंडक्याच्या वजनात तिसरा हिस्सा तर पाणीच असतं, हे मात्र भाव ठरवताना डोक्यात असू द्या.

ढिगातून पाहायचं काय? आधी टोक. मधल्या ठिपक्यापासून सालीपर्यंत आरपार गेलेली चीर असेल तर ओंडका सोडून द्यावा. नुसत्या बारीक केसासारख्या भेगा असतील तर दोन इंचांची चकती कापून आतलं लाकूड पाहू द्या म्हणावं. मग खालची जमीन. मैद्यासारखी पिठी पडलेली असेल तर आत भुंगेरा आहे, आणि तो ओंडका गाडीत घातला की बाकीच्यांनाही लागेल. टोकावर निळा-काळा डाग असेल तर जवळच खिळा आहे असं समजा: बाभळीसारख्या टॅनिन (तुरट द्रव्य) असलेल्या लाकडात लोखंड गंजलं की असा शाईसारखा डाग पसरतो. चुंबक तिथे फिरवून बघायचं. गावच्या पारावरचं, रस्त्याकडेचं किंवा कुंपणाचं झाड असेल तर पाट्या, तारा, खिळे हमखास. करवत गिरणीवाले असा माल घ्यायला कां-कूं करतात आणि पातं तुटलं तर त्याचे पैसे तुमच्याकडून घेतात. त्यात त्यांचं चुकतं असंही नाही.

चिंचेसाठी मुद्दाम थांबावं. बाहेरून ती काळपट, फाटक्या सालीची, नुसती जळणाची दिसते. करवत चालवली की पिवळट लाकडाच्या मधोमध वांगी-तपकिरी गाभा उघडतो, वेडावाकडा, कधी तळहाताएवढा तर कधी रुपयाएवढाच. जुन्या, जाड झाडात तो मोठा असतो, म्हणून एक फुटाखालच्या व्यासाची चिंच घेऊन फारसा उपयोग नाही. लाकूड फार कठीण, दर काही मिनिटांनी पटाशीला धार लावावी लागते. पिवळ्या भागाला कीड लवकर लागते, गाभ्याला नाही. शिरीष कापायला सोपा, रंगाने अक्रोडाची आठवण करून देणारा, पण त्याच्या भुश्याने सटासट शिंका येतात. मास्क न लावता त्याच्या वाटेला जाऊ नये. आंबा शिकाऊ हातासाठी उत्तम. ओल्या आंब्याचा चीक ज्यांच्या कातडीला बाधतो त्यांनी हातमोजे घालावेत. हेदू मिळाला तर डोळे झाकून घ्या: पिवळसर, अगदी बारीक पोताचा, आटे पाडायलाही चालतो. सरपणात तो क्वचित येतो, आणि आला तर त्याचे कागद आधी विचारावेत. कागदांचं पुढे येतंच आहे.

मोठा ओंडका वजनाऐवजी घनफुटावर देत असतील तर चौथाई घेराचा हिशोब चालतो. घेर ३६ इंच आणि लांबी ४ फूट असेल तर घेराचा चौथा भाग ९. ९ × ९ × ४८ म्हणजे ३,८८८ घनइंच, त्याला १,७२८ ने भागलं की सव्वादोन घनफूट. खरं घनफळ याहून जास्त, पावणेतीनच्या वर असतं. कापणीतली घट म्हणून ती सूट घेणाऱ्याच्या पदरात पडते. घेर सालीवरून धरला की साल काढून, हे बोलून घ्यावं, चिंचेसारख्या जाड सालीत फरक चांगलाच पडतो. या ओंडक्याचा व्यास साडेअकरा इंच येतो. दोन्ही टोकांची दोन-दोन इंच चकती गेली की ४४ इंच उरतात. त्यातून बारा-बारा इंचांचे तीन तुकडे, प्रत्येक तुकडा मधल्या ठिपक्यातून उभा चिरला की सहा वाडग्यांचे ठोकळे. ठिपका कुठल्याच ठोकळ्यात ठेवायचा नाही. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच आणखी काढलेला बरा, कारण चीर तिथूनच सुटते. कापल्या कापल्या टोकांना गोंदाचे दोन जाड हात, दुसरा हात पहिला वाळल्यावर. संध्याकाळी मुक्कामावर गेल्यावर लावू म्हणाल तर उशीर झालेला असतो.

त्याच दिवशी जुन्या नाशकात पाडलेल्या वाड्यांचं सागवान पाहता येतं. खांब, तुळया, दाराच्या चौकटी. वाळण्याचा प्रश्नच नाही, ओलावामापक ८ ते १२ टक्के दाखवतो. पण जुने चौकोनी घडीव खिळे आत मोडून राहिलेले असतात आणि वर तेलरंगाचे थर. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो घासायचा नाही, करवतीने वरची पातळ फळीच काढून टाकायची. सागात मुळातच वाळूसारखा कण असतो, धार पटकन जाते, आणि कडा कुसळासारख्या तुटतात. वाडग्यापेक्षा तो बारीक खांब, दिवे, मुठी यांना बरा. नक्षीचा खांब मिळाला तर कृपा करून लेथला लावू नका, तो तसाच कुणाला तरी विका.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली पॅकिंगची खोकी फारशी कामाची नाहीत. घेतलीच तर शिक्का बघा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, चालेल, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते सोडा.

दुसरा दिवस दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजूला. जुनी, उत्पन्न घटलेली बाग जेसीबीने उपटून बांधावर ढीग लावतात आणि तो बहुतेक चुलीत जातो. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय ढिगाला हात लावू नये. “काका, दहा-बारा खोडं निवडून घेऊ का?” म्हटलं तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. खोड तीन-चार इंचांचंच, पिळलेलं. साल दोऱ्यासारखी सुटते. एक वीतभर तुकडा कापून तोंडाशी न धरता सायकलच्या पंपाने हवा मारली तर ती दुसऱ्या टोकाने बाहेर येते, इतक्या मोकळ्या नळ्या या वेलाच्या लाकडात असतात. तोंडाने फुंकून बघायचा मोह टाळायचा, कारण सालीवरचा निळसर पापुद्रा बोर्डो मिश्रणाचा, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा, आणि वर्षानुवर्षांच्या बाकीच्या फवारण्याही त्याच सालीवर बसलेल्या. साल शेतातच तारेच्या ब्रशने, मास्क लावून काढावी. या लाकडाची खाण्याची भांडी करू नयेत. पेन, बाटलीची बुचं, कपाटाच्या मुठी, एवढ्यांसाठी ते झकास.

सगळ्यात देखणा भाग कलमाच्या जोडाचा. नाशकातल्या बऱ्याच बागा डॉगरिज नावाच्या खुंटावर (ज्याच्या मुळांवर वरची जात बांधतात) भरलेल्या. जमिनीच्या थोडं वर जिथे खुंट आणि वरची जात जुळते तिथे खोड फुगलेलं असतं, आणि आतले धागे एकमेकांत वळलेले. ती गाठ आधी कापून घ्यायची, वरखाली तीन-तीन इंच सोडून. मांडवाची तार खोडात रुतलेली असते, ती डोळ्यांना दिसत नाही, चुंबक फिरवावंच लागतं. मुळांत दगडगोटे अडकलेले असतात, म्हणून करवत लावण्याआधी पाण्याने धुऊन घ्यावं. पेनाचे तुकडे पाऊण इंच चौकोनी आणि पाच इंच लांब कापावेत, आणि मोजून हवेत त्याच्या तिप्पट न्यावेत, कारण वाळताना निम्म्याहून जास्त फाटतात. मोकळ्या नळ्या पातळ झटपट गोंदाने (सुपरग्लूने) भरून मगच शेवटचा हात फिरवायचा.

तिसऱ्या दिवशी सटाण्याकडे डाळिंबासाठी गेलं तर जाऊन-येऊन पावणेदोनशे-एकशेऐंशी किलोमीटर पडतात, आणि पडावेतच. डाळिंबाचं लाकूड पिवळसर, गुळगुळीत, हस्तिदंतासारखी रेखीव कड घेणारं. तेल्या आणि मर रोगाने बागा काढाव्या लागतात, त्यामुळे माल मिळतो. आडव्या कापात करडे-तपकिरी डाग दिसले तर ते मर रोगाचे, टाचणीएवढी भोकं दिसली तर खोडकिड्याची. कामाला दोन्ही चालतात, पण हे लाकूड, त्याचा भुसा किंवा मुळाची माती दुसऱ्या डाळिंब बागेच्या आसपास नेऊ नका. वाटेत ओळखीच्या शेतात थांबणार असाल तर गाडी आधी रिकामी करा.

पेठ, हरसूल, सुरगाण्याकडचं जंगल या फेरीत मुद्दाम टाळलं. तिकडे रस्त्याकडेला कुणी ओंडका दाखवला तर घेऊ नये. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, खैर, हेदू तर आहेतच, पण आंबा, चिंच, जांभूळही आहेत, म्हणजे स्वतःच्या शेतातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. लाकूड हलवायला वन खात्याचा वाहतूक परवाना लागतो. सुबाभूळ, निलगिरीसारख्या जातींना सूट आहे, तरी यादी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घेतलेली बरी. खैराला तर हातच लावू नका, पानात घालायच्या कातासाठी त्याची चोरटी वाहतूक चालते आणि नाक्यावर पहिली नजर त्याच्यावर असते. वखारीतून घेताना बिलावर जात, वजन किंवा घनफूट, गाडीचा नंबर लिहून घ्यावा. शहरातल्या झाडाची तोड महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीने झाली का, हेही विचारावं. साधुग्रामसाठी, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या वस्तीसाठी, तपोवनातली झाडं तोडण्याच्या प्रस्तावावरून २०२५ च्या अखेरीस शहर तापलं होतं. तेव्हापासून हा प्रश्न कुणाला विचित्र वाटत नाही.

नेण्याचं म्हणाल तर रेल्वेच्या स्लीपर डब्यात माणशी ४० किलो सामान मोफत, म्हणजे ओल्या चिंचेचा जेमतेम सव्वा घनफूट. त्याहून जास्त असेल तर आपली गाडी. ओंडके मागच्या सीटच्या पायथ्याशी, गोणपाटात गुंडाळून, दोरीने आवळून. प्लॅस्टिकमध्ये बांधू नका, एका रात्रीत बुरशीचा वास सुटतो.

घरी पोचल्यावर वाट पाहू नये. त्याच आठवड्यात वाडगे कच्चे फिरवून घ्यावेत, भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी: दहा इंची वाडग्याला एक इंच. तोल नसलेला दहा इंची ठोकळा मिनिटाला ४००-५०० फेऱ्यांवर सुरू करा, गोल झाला की ६००-७०० पर्यंत न्या. मग तळाला तारीख आणि वजन पेन्सिलीने लिहून, त्याच लाकडाच्या भुश्यासकट कागदी पिशवीत, पंख्यापासून लांब. दर रविवारी वजन करायचं. सलग चार आठवडे काटा हलला नाही की वाडगा वाळला. आंबा बहुधा आधी तयार होतो, चिंच मागे राहते. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यातलं वजन धरू नये, दिवाळीनंतर पुन्हा एकदा तपासावं.