ओपननेब्युलाचं स्टोरेज: डिस्कची प्रत नेमकी कुठे पडते?

ओपननेब्युला म्हणजे अनेक यंत्रांवरच्या व्हीएम (आभासी यंत्रं) सांभाळणारी प्रणाली. माझ्याकडे तिचा फ्रंटएंड (सगळ्यांवर देखरेख करणारं मुख्य यंत्र) चालू आहे, दोन्ही केव्हीएम नोड (व्हीएम प्रत्यक्ष चालवणारी यंत्रं) 'ऑन' दाखवतायत, नेटवर्क मार्गी लागलंय. आता स्टोरेज. ओपननेब्युलातला हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथले ड्रायव्हर कुलूपबंद बायनरी नाहीत, बहुतेक साध्या शेल स्क्रिप्ट आहेत. 'रिमोट्स' फोल्डरमधल्या 'टीएम'मध्ये जा, ड्रायव्हरच्या नावाचा फोल्डर उघडा. आत क्लोन, एलएन, एमव्ही, डिलीट अशा नावांच्या फाइली दिसतील. शंका आली की मॅन्युअलच्या आधी मी तिथे डोकावतो. त्यात काही बदललं तर 'वनहोस्ट सिंक' चालवून तो बदल नोडांवर पोचवावा लागतो, नाहीतर नोड जुनीच स्क्रिप्ट चालवत राहतात.

नव्यांसाठी थोडक्यात. इमेज म्हणजे व्हीएमच्या डिस्कचा साठवलेला नमुना, डेटास्टोअर म्हणजे तो ठेवायची जागा. प्रत्येक इमेज डेटास्टोअरला दोन ड्रायव्हर लागतात. 'डीएस-मॅड' इमेज नोंदवणं, रिकामी डिस्क तयार करणं, पुसणं ही कामं पाहतो. 'टीएम-मॅड' ती इमेज चालत्या व्हीएमपर्यंत पोचवतो. इन्स्टॉल केल्याबरोबर तीन डेटास्टोअर मिळतात: क्रमांक 0 सिस्टिम, 1 इमेज, 2 फाइल्स. इमेज डेटास्टोअरमध्ये मूळ इमेज पडून राहतात, सिस्टिममध्ये चालत्या व्हीएमच्या डिस्क असतात. डीएस-मॅडवर फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. सगळी गंमत टीएम-मॅडमध्ये आहे.

कोणता ड्रायव्हर घ्यावा यावर वाद झाला की लोक लगेच वेगाचे आकडे टाकतात. मला तो प्रश्नच दुय्यम वाटतो. आधी बघायचं ते हे: प्रत कधी पडते, कुठे पडते आणि त्या वेळी कोण ताटकळतं. याचं उत्तर 'वनडी डॉट कॉन्फ' या ओपननेब्युलाच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये प्रत्येक टीएम ड्रायव्हरपुढे दोन शब्दांत लिहिलेलं आहे: 'एलएन टार्गेट' आणि 'क्लोन टार्गेट'. पर्सिस्टंट इमेजसाठी (जिच्यातले बदल व्हीएम संपल्यावरही टिकतात) एलएन, म्हणजे लिंक चालतं, नॉन-पर्सिस्टंटसाठी (बदल टिकत नाहीत) क्लोन. किंमत तीनपैकी एक: 'नन' म्हणजे जादा जागा लागत नाही, 'सेल्फ' म्हणजे प्रत त्याच इमेज डेटास्टोअरमध्ये पडते, 'सिस्टिम' म्हणजे सिस्टिम डेटास्टोअरमध्ये. शेड्युलर जागेचा हिशोब यावरूनच लावतो, त्यामुळे मनाने बदलायची ही ओळ नाही.

एसएसएच ड्रायव्हर

एसएसएच म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर सुरक्षितपणे जायची पद्धत. सुरुवात या ड्रायव्हरपासून केली, कारण शेअर्ड स्टोरेज काहीच लागत नाही. दोन्ही टार्गेट 'सिस्टिम'. म्हणजे इमेज पर्सिस्टंट असो वा नसो, फ्रंटएंडवरून उचलून नोडच्या लोकल डिस्कवर टाकली जाते. 40 जीबीची कच्ची इमेज गिगाबिट लाइनवरून न्यायची तर कागदावरच 125 एमबी सेकंदाला, म्हणजे सव्वापाच मिनिटांच्या आसपास. प्रत्यक्षात त्याहून जास्तच. तेवढा वेळ व्हीएम 'प्रोलॉग'मध्ये (सुरू होण्याआधी डिस्क पोचवण्याचा टप्पा) अडकून. एकदा बूट झाली की मात्र मजा, लोकल एसएसडीचा पूर्ण वेग मिळतो.

पर्सिस्टंट इमेजच्या बाबतीत इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. व्हीएम चालू असेपर्यंत तुम्ही लिहिलेला सगळा नवा डेटा फक्त त्या नोडवर असतो. व्हीएम टर्मिनेट केली की मगच इमेज मागे डेटास्टोअरमध्ये येते. मधल्या काळात नोडची डिस्क गेली तर डेटास्टोअरमध्ये उरते ती जुनी प्रत. म्हणून डेटाबेस वगैरे मी या ड्रायव्हरवर पर्सिस्टंट ठेवत नाही.

प्रोलॉग फेल झाला तर सनस्टोनच्या (ओपननेब्युलाचा वेब इंटरफेस) पडद्यावर फार काही कळत नाही. लॉग फोल्डरमध्ये व्हीएमच्या क्रमांकाची फाइल असते, ती उघडा. कोणती स्क्रिप्ट कोणत्या आर्ग्युमेंटसह पडली ते तिथे पूर्ण लिहिलेलं असतं. एसएसएच ड्रायव्हरवर बहुतेक वेळा कारण एकच निघतं: 'वनअ‍ॅडमिन' युजरला (ओपननेब्युलाची कामं याच्या नावाने चालतात) एका यंत्रावरून दुसऱ्यावर पासवर्डशिवाय जाता येत नाही. फ्रंटएंड ते नोड तपासून लोक थांबतात, पण नोड ते फ्रंटएंड आणि नोड ते नोड हेही लागतं. कारण दूर झालं की 'वनव्हीएम रिकव्हर' रिट्राय पर्यायासह चालवायचं, व्हीएम नव्याने बनवायची गरज नाही.

शेअर्ड आणि क्यूकाऊटू

मग एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर वाटून देण्याची पद्धत) जोडलं. डेटास्टोअरचे फोल्डर फ्रंटएंडवर आणि दोन्ही नोडांवर एकाच ठिकाणी माउंट. इथे परवानग्यांचा घोळ ठरलेला. ओपननेब्युलाची पॅकेजेस वनअ‍ॅडमिनला 9869 हा यूआयडी आणि जीआयडी (युजरचा आणि ग्रुपचा क्रमांक) देतात. तो सगळीकडे सारखा आहे ना, हे आधी पाहून घ्या. शिवाय नोडच्या 'क्यूएमू डॉट कॉन्फ'मध्ये युजर आणि ग्रुप वनअ‍ॅडमिन, आणि 'डायनॅमिक ओनरशिप' 0. नाहीतर लिबव्हर्ट (नोडवर व्हीएम हाताळणारं सॉफ्टवेअर) फाइलींची मालकी बदलू पाहतो आणि रूट स्क्वॉश (रूट युजरचे अधिकार नाकारणारी सेटिंग) लावलेला एनएफएस सर्व्हर त्याला दारातूनच परत पाठवतो.

'शेअर्ड' आणि 'क्यूकाऊटू' (qcow2 या डिस्क फॉरमॅटवरून नाव) या दोन्ही ड्रायव्हरची टार्गेट सारखीच: एलएन 'नन', क्लोन 'सिस्टिम'. पर्सिस्टंट इमेजला नुसती सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारा दुवा), त्यामुळे प्रोलॉग जवळजवळ शून्य. फरक क्लोनमध्ये. क्यूकाऊटू ड्रायव्हर मूळ इमेजला हात न लावता तिलाच बॅकिंग फाइल (मागचा आधार) म्हणून सांगणारी नवी फाइल बनवतो. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त नव्या रेघा वर ओढाव्यात तसं. ती नवी फाइल सुरुवातीला काही शे केबींची असते. एकाच मूळ इमेजवरून कितीही व्हीएम काढा, प्रतीक्षा नाही.

किंमत नंतर कळते. सगळ्या व्हीएमचं वाचन त्या एकाच मूळ फाइलवर जातं आणि तेही एनएफएसवरून. एकदम सगळ्या बूट केल्या की एनएफएस सर्व्हर दमतो. शिवाय मूळ फाइल बाहेरून कुणी हलवली किंवा बदलली की वरच्या सगळ्या डिस्क निकामी. साखळी बघायची असेल तर 'क्यूएमू-इमेज इन्फो'ला बॅकिंग चेन दाखवायला सांगा. ही साखळीच नको असेल तर 'क्यूकाऊटू स्टँडअलोन'ला 'येस' द्यायचं, मग क्लोन होताना पूर्ण स्वतंत्र प्रत पडते. अर्थात मग वाट बघणं परत आलं. मी हा पर्याय फक्त दीर्घकाळ चालणाऱ्या व्हीएमच्या डेटास्टोअरला लावलाय.

जाता जाता: इमेज नोंदवताना 'कॉपी करायची परवानगी नाही' अशी एरर आली तर ड्रायव्हरला दोष देऊ नका. डेटास्टोअरच्या टेम्प्लेटमधलं 'सेफ डिर्स' बघा. तिथे ज्या फोल्डरांची नावं आहेत त्याबाहेरची फाइल तो घेणार नाही, आणि तेच बरोबर आहे.

सेफ

सेफ (Ceph) म्हणजे अनेक यंत्रांच्या डिस्क जोडून केलेलं एकत्र स्टोरेज. हा भाग सर्वांत जास्त वाचून केला. एलएन 'नन', क्लोन 'सेल्फ'. म्हणजे प्रत सेफच्या पूलमध्येच (इमेज जिथे राहतात तो साठा) पडते. फ्रंटएंड आणि नोडमधून डेटा वाहतच नाही. ड्रायव्हर इमेजचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) घेतो, तो प्रोटेक्ट करतो आणि त्यावरून क्लोन काढतो. यासाठी आरबीडी (सेफमधली ब्लॉक डिस्क) फॉरमॅट 2 हवा, कारण लेयरिंग (एका इमेजवर दुसरी रचणं) त्यातच आहे. पूलमध्ये बघितलं तर मूळ इमेजचं नाव 'वन' आणि तिचा क्रमांक. क्लोनच्या नावात त्यापुढे व्हीएमचा आणि डिस्कचा क्रमांक. कोणती डिस्क कुणाची हे कमांड लाइनवरच कळतं, हे मला फार सोयीचं वाटलं.

टेम्प्लेटमध्ये पूलचं नाव, सेफ युजर, मॉनिटरांचे पत्ते, 'ब्रिज लिस्ट' (इमेज सेफमध्ये घेणाऱ्या यंत्रांची यादी) आणि सीक्रेटचा (सेफच्या किल्लीची लिबव्हर्टमधली नोंद) यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक लागतो. तो यूयूआयडी हवा तो निवडा, पण प्रत्येक नोडच्या लिबव्हर्टमध्ये तोच नोंदवा. एखाद्या नोडवर वेगळा पडला तर व्हीएम त्या नोडवर सुरू होत नाही आणि इतरत्र सुरळीत चालते, त्यामुळे शोध लांबतो. दुसरं, नवी इमेज आत घेताना ती आधी ब्रिज यंत्राच्या स्टेजिंग फोल्डरमध्ये उतरते, डिफॉल्ट 'व्हार टेम्प'. तिथे जागा कमी असेल तर पूल कितीही मोठा असून उपयोग नाही.

एक छुपी खुबी: सेफच्या इमेज डेटास्टोअरला एसएसएच प्रकारचं सिस्टिम डेटास्टोअरही चालतं. इमेज सेफमध्ये, पण व्हीएमची डिस्क बाहेर काढून नोडच्या लोकल एसएसडीवर. बिल्ड मशीनसारख्या टाकाऊ व्हीएमना हे झकास.

गेस्टच्या बाजूने

डेटास्टोअर कोणताही असो, गेस्टला (व्हीएमच्या आतली ऑपरेटिंग सिस्टिम) डिस्क कशी दिसते ते 'डेव्ह प्रीफिक्स' ठरवतो. 'व्हीडी' दिला की व्हर्टआयओ (खास व्हीएमसाठी बनवलेला डिस्क प्रकार) ब्लॉक, 'एसडी' दिला की स्कझी, 'एचडी' म्हणजे जुनं आयडीई. 'एचडी' राहून गेल्याने डिस्क मंदावली की लोक सेफला शिव्या घालत बसतात. विंडोज गेस्टला व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ इन्स्टॉल करतानाच जोडा, नाहीतर इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही.

ट्रिम किंवा डिस्कार्ड (पुसलेली जागा स्टोरेजला परत देणं) हवं म्हणून मी बरेच दिवस व्हर्टआयओ स्कझीच वापरत होतो. लिनक्स 5.0 आणि क्यूएमू 4.0 (दोन्ही 2019) पासून व्हर्टआयओ ब्लॉकलाही डिस्कार्ड मिळालं, त्यामुळे आता ती सक्ती उरली नाही. टेम्प्लेटमध्ये 'डिस्कार्ड'ला 'अनमॅप' मात्र सांगावंच लागतं. कॅश मी 'नन' ठेवलाय. लाइव्ह मायग्रेशनच्या (चालती व्हीएम दुसऱ्या नोडवर हलवणं) वेळी दुसऱ्या मोडवर लिबव्हर्ट असुरक्षित म्हणून अडून बसू शकतो.

सध्याची मांडणी अशी: टेस्टच्या व्हीएम क्यूकाऊटूवर, टाकाऊ व्हीएम सेफमधून लोकल डिस्कवर, टिकवायचा डेटा सेफवर पर्सिस्टंट. पुढचा प्रयोग एफएस-एलव्हीएमचा. त्यात इमेज फाइल म्हणून राहते आणि व्हीएम उभी करताना पूर्ण इमेज लॉजिकल व्हॉल्यूममध्ये (डिस्कमधून वेगळा काढलेला भाग) ओतली जाते, म्हणजे प्रोलॉगचा वेळ परत वाढणार. त्यासाठी दोन्ही नोडांना एकच ब्लॉक डिव्हाइस दिसायला हवं, म्हणून आधी आयस्कझी टार्गेट (नेटवर्कवरून डिस्क देणारं यंत्र) उभं करतोय. हा ड्रायव्हर रोजच्या वापरात असलेलं कुणी असेल तर व्हॉल्यूम ग्रुपची विभागणी कशी ठेवलीय ते कळवा.