हौशी लोकांचं नाटक

आज दुपारभर एका ज्येष्ठ रंगकर्मी काकांकडे जुनी कात्रणं आणि फोटो बघत बसले होते. विषय अर्थातच थिएटर अकॅडमी, पुणे.

१६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' पहिल्यांदा उभं राहिलं, ते पीडीए म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन या पुण्याच्या नाट्यसंस्थेतर्फे. पुढे प्रयोग थांबले. नाटक करणारी मंडळी बाहेर पडली आणि १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी सुरू झाली. नाटक जगावं म्हणून संस्था जन्माला आली, याचं मला आजही भारी वाटतं!

'घाशीराम'च्या एका फोटोवरून नजर हटेना. धोतर, पगडी, ओळीने उभी माणसं, प्रेक्षकांकडे पाठ. हीच भिंत, हाच पडदा. वळली की नाना फडणवीसांचा दरबार, पुन्हा पाठ फिरवली की आतलं सगळं झाकलेलं. नेपथ्याला खर्च शून्य, पण तालमी किती लागल्या असतील! एकाचं पाऊल चुकलं तर अख्खी भिंत ढासळणार.

आणि करणारे कोण? जब्बार पटेल दौंडला बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, सतीश आळेकर बी. जे. मेडिकलमध्ये नोकरीला. दिवसा दवाखाना, प्रयोगशाळा, संध्याकाळी तालीम. त्यातूनच १९७४ चं 'महानिर्वाण' आलं. मेलेला माणूसच स्वतःचं कीर्तन करतोय, ही कल्पना सुचणं आणि ती रंगमंचावर पेलणं, दोन्ही अफाट. माझ्या मते आळेकरांचं सर्वोत्तम नाटक हेच.

हे प्रयोग ज्यांनी तेव्हा पाहिलेत, त्यांनी आठवणी लिहून ठेवा प्लीज. आमच्या पिढीकडे फक्त फोटो आहेत.