पाणी कुठपर्यंत आलं, हे कोण सांगतंय?

पेपर एजन्सी चालवणाऱ्याने मोबाइलवरच्या बातमीची बाजू घ्यावी, हे आमच्या धंद्यातल्या लोकांना रुचणार नाही. पण नागपूरची २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. आदल्या दिवशी घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं. मध्यरात्रीनंतर पाऊस असा कोसळला, की काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर गेला. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घरात शिरली, मोरभवन बसस्थानकाच्या बसेस पाण्यात उभ्या. आणि पेपर वाटपाच्या सेंटरवर माझ्यासमोरच्या गठ्ठ्यांत त्याची एक ओळ नाही. असणार तरी कशी? पानं आधीच छापायला गेलेली.

त्या दिवशी पेपर वाटपाची कोणती लाइन टाकायची, कोणती सोडायची, हे व्हॉट्सअ‍ॅपवरच ठरलं. पेपर टाकणाऱ्या आमच्या पोट्ट्यांचा ग्रुप आहे. एरवी त्यात "भाऊ, उद्या सुट्टी पाहिजे" याशिवाय काही येत नाही. त्या पहाटे एकाचा व्हॉइस मेसेज आला: "भाऊ, शंकरनगरकडून येऊ नका, गाडीच्या सीटपर्यंत पाणी आहे." मागे पावसाचा आवाज, कोणीतरी ओरडतंय. यावर शंका काहून घ्यायची? पोरगा स्वतः पाण्यात उभा होता.

त्याच सुमारास नातेवाइकांच्या ग्रुपवर आलं: "अंबाझरी धरण फुटलं, दोन तासांत बर्डी बुडणार, सबको भेजो." पाठवणारा पुण्यात, अंथरुणात. धरण फुटलं नव्हतं, भरून वाहत होतं. अशा मेसेजवर अनेकदा फॉरवर्ड झाल्याचे दोन बाण दिसले आणि खाली "सबको भेजो" असलं, की मी पुढचं वाचतच नाही. एका व्हिडिओत तर पहाटे पाचला लख्ख ऊन पडलेलं! गाड्यांच्या नंबर प्लेटवर ना नागपूरचा एमएच ३१, ना ४९.

हसून सोडून देण्याची ही गोष्ट नव्हे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. त्यामागे अशाच अफवा होत्या. देशात असे बळी गेल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली.

मला एक सोय आहे, जी सगळ्यांना नाही. प्रत्येक गल्लीत माझं गिऱ्हाईक आहे. कॉर्पोरेशन कॉलनीतल्या काकूंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "पेपर राहू दे बाबा, आधी फ्रिज वर चढवायला माणूस पाठव." याहून पक्की बातमी कोणती?

मात्र माणसं किती गेली, नदीची वाट कोणी अडवली, कोण जबाबदार, हे ग्रुपवर कोणालाच धड सांगता आलं नाही. ते पुढच्या दिवसांत पेपरातच वाचलं.

आता आमच्या ग्रुपचा नियम साधा आहे: जिथे उभे आहात तिथलंच लिहा, चौक आणि वेळ टाका. फॉरवर्ड दिसला की बाहेर. मागच्या पावसाळ्यात पहिला बाहेर गेला तो माझाच भाचा. ताई अजून नीट बोलत नाही.