वाघेरा घाटाच्या चिखलात जड गाडी आणि एबीएस

जुलैमध्ये भाताची आवणी सुरू झाली की नाशिकच्या पश्चिमेकडील रस्त्यांचे रूप पालटते. गिरणाऱ्यापर्यंत द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या मळ्यांमधून जाणारे डांबर बऱ्यापैकी स्वच्छ होते. मात्र वाघेरा घाट ओलांडून हरसूलच्या बाजूला उतरू लागलो, तेव्हा चिखलणी करून खाचरांबाहेर पडलेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांनी रस्त्यावर ओल्या मातीचे पट्टे ओढून ठेवले होते आणि त्यांवर पावसाची भुरभुर चालू होती.

माझी गाडी म्हणजे रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 ही मोटरसायकल. तिचे कर्ब वजन, म्हणजे इंधनासह पण चालक आणि सामानाविना वजन, 196 किलो. सामान आणि चालक धरल्यास आकडा 300 किलोच्या जवळ जातो. एवढे वजन उतारावर एकदा घसरू लागले की पायाने सावरता येत नाही. म्हणूनच ब्रेक कसा लागतो, हा प्रश्न मला अशा प्रवासात इंजिनाच्या ताकदीपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

डांबरावरील पातळ चिखलात मी दोन्ही चाकांचे एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी (फिरायचे थांबून नुसते घसरू न देणारी) यंत्रणा, चालूच ठेवले. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर त्या चाकाचा वेग मोजत असतो. ब्रेक दाबल्यावर चाक एकाएकी थांबू लागले की मॉड्युलेटर, म्हणजे ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा भाग, तो दाब क्षणभर सोडतो, पुन्हा धरतो, आणि हे एका सेकंदात अनेकदा घडते. मागच्या ब्रेकच्या पेडलमधून ती थरथर पायाला जाणवत होती. खाली कठीण डांबर आणि वर साबणासारखा थर अशा जागी लॉक झालेल्या चाकाला अडवायला काहीच नसते, त्यामुळे येथे एबीएसला तोड नाही. भारतात 125 सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एप्रिल 2019 पासून ते सक्तीचे झाले, हा निर्णय अशा रस्त्यांवर मनापासून पटतो.

हरसूलच्या अलीकडे एका पाड्याकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला वळलो आणि गणित उलटले. तेथे चिखल खोल होता. सैल जमिनीत लॉक झालेले चाक स्वतःपुढे मातीचा ढीग लोटते आणि तो ढीगच गाडीला रोखतो. एबीएस मात्र चाक फिरते ठेवत असल्याने ते त्या मातीवरून पुढे जात राहते आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागते. तीव्र उतारावर तर ब्रेक लागतच नाही, असे वाटू लागते. म्हणून थांबून मागच्या चाकाचे एबीएस बंद केले. पुढचे चालूच राहते, आणि ते तसेच असावे असे माझे ठाम मत आहे, कारण मागचे चाक घसरले तर गाडी आडवी होऊ लागली तरी सावरायला अवधी मिळतो, पुढचे लॉक झाले तर तो मिळत नाही. टायरमधील हवाही थोडी कमी केली.

बांधावर आवणीसाठी रोपांच्या मुठी वाहून नेणारे एक वयस्कर बाबा थांबले आणि म्हणाले, "दादा, चाकोरी सोडू नका. मधी माती लई भुसभुशीत हाये." त्यांचे म्हणणे खरे होते. ट्रॅक्टरच्या चाकोरीत पाणी दिसत असले तरी तिचा तळ दबून घट्ट झालेला होता, आणि कोरडा भासणारा मधला उंचवटाच चाक गिळणारा होता.

उतारावर पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवते. फूटपेगवर उभे राहून गुडघ्यांनी टाकी धरली, नजर दूर ठेवली आणि मागचा ब्रेक हलकेच, पण सलग लावला. पुढच्या लिव्हरवर एकच बोट होते आणि हँडल वळलेले असताना तेही उचलले. मागचे चाक अधूनमधून घसटत बाजूला सरकायचे, ब्रेक किंचित सोडला की पुन्हा रेषेत यायचे. गाडीचे वजन येथे काही प्रमाणात उपयोगीही पडले, कारण टायर वरचा गाळ दाबून खालच्या मुरमापर्यंत पोहोचत होता. काळ्या चिकणमातीचा पट्टा मात्र वेगळा निघाला: ती टायरच्या खाचांमध्ये आणि मडगार्डखाली भरून बसते, आणि मग कोणताही टायर गुळगुळीतच होतो. तेथे दोनदा थांबून काठीने माती काढावी लागली.

परतीला त्र्यंबकचा रस्ता धरण्याआधी दोन्ही चाकांच्या सेन्सर रिंगा (ज्यांवरून सेन्सर चाकाचा वेग ओळखतो त्या कड्या) पाण्याने धुतल्या, कारण तिथे माती साचली की वेगाचा संदेश चुकू शकतो. मग डॅशबोर्डवर पाहून मागचे एबीएस पुन्हा चालू असल्याची खात्री केली आणि डांबरावर रिकाम्या जागी एकदा जोरात ब्रेक मारून पेडलमधली थरथर तपासली. हरसूलहून त्र्यंबकपर्यंत वळणे पुष्कळ आहेत, आणि आवणीची खाचरे त्या रस्त्याच्या कडेलाही आहेतच.