हिरव्या ठिपक्याचं गाव

मी पुण्यात बसून पाण्याच्या डेटाचे नकाशे काढतो, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातलं आलेख काढायचं साधन मॅटप्लॉटलिब, यांवर. विदर्भातल्या एका तालुक्यात पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडच्या नकाशावर बैठक होती; ते जास्त झालं की दातांवर पट्टे येतात. नकाशा आधीच्या कन्सल्टंटने केलेला, हातपंपागणिक एक रंगीत ठिपका. बैठकीत एक आशाताई उठल्या आणि म्हणाल्या, "आमचं गाव तर हिरव्यात हाय न, मंग पोरायच्या दातावर पट्टे काऊन आले?"

कोणी काही बोललं नाही. मी लॅपटॉपवर त्यांच्या गावाचा आकडा काढला. लिटरला 1.9 मिलिग्रॅम. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात परवानगीची वरची मर्यादा 1.5 आहे.

झालं होतं असं की कलरमॅप, म्हणजे आकड्याला रंग देणारी पट्टी, होता 'जेट', निळा-हिरवा-पिवळा-लाल, आणि व्हीमॅक्स, म्हणजे पट्टीच्या वरच्या टोकाचा आकडा, दिलेलाच नव्हता. तो दिला नाही की सॉफ्टवेअर डेटातला सगळ्यात मोठा आकडा उचलतं, इथे एका हातपंपाचा 4. म्हणजे पट्टी 0 ते 4, मध्यावर 2, आणि जेटच्या मध्यावर असतो हिरवा. 1.5 कुठे आलं तर निळसर हिरव्यात, जिथे कोणाचीच नजर थांबत नाही, पिवळा उजाडतो 2.5 ला. शेजारच्या तालुक्याच्या नकाशात कमाल आकडा 2 होता, तिथे हेच 1.9 गडद लाल. पाणी तेच, एका कागदावर हिरवं आणि दुसऱ्यावर लाल, आणि दोन्ही कागद एकाच फाइलला लावलेले! रंग म्हणजे शेवटी करायची सजावट असं समजणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

ऑफिसात सांगितलं तर एकजण म्हणाला जेटऐवजी विरिडिस हा कलरमॅप टाक, संपलं. विरिडिस चांगलाच आहे, 2017 च्या 2.0 आवृत्तीपासून मॅटप्लॉटलिबचा डिफॉल्ट तोच, उजेड एकसारखा चढत जातो, रंगांधळ्या माणसालाही वाचता येतो. पण 1.5 काय असतं ते त्यालाही माहीत नाही, आणि त्याचं वरचं टोक लख्ख पिवळं, ते बघून गावात कोणाला धोका वाटणार?

म्हणून मी लिस्टेड कलरमॅप, म्हणजे स्वतः निवडलेल्या रंगांची यादी, हाताने बांधला आणि कोणता रंग कोणत्या आकड्यापर्यंत त्या सीमा बाउंडरीनॉर्मने ठरवून दिल्या: 0, 0.5, 1, 1.5, 2, 3, 4. सगळ्या तालुक्यांना हीच पट्टी. 1.5 च्या खाली फिकट रंग (1 पर्यंत निळा), वर एकदम नारिंगी, मग गडद तपकिरीकडे. दिशा एकच, जास्त फ्लोराइड म्हणजे जास्त गडद, कारण ग्रामपंचायतीत हा कागद काळापांढरा झेरॉक्स होऊनच जातो आणि जेटची झेरॉक्स काढली की 0.3 आणि 3.8 दोन्ही काळपट येतात. शिवाय 1.5 च्या वर गोल ठिपक्याऐवजी त्रिकोण. आधी ऑफिसच्या मशीनवर झेरॉक्स काढून बघितली, मगच पाठवला.

अडलंय ते 1 ते 1.5 मध्ये. मानक सांगतं की 1 पर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तरच 1.5 पर्यंत चालवून घ्या. आमचे भूवैज्ञानिक म्हणतात की तेही निळ्यातच दाखव, उगाच घबराट नको. पण ज्या वाडीत दुसरा स्रोत आहे तिथे लोकांनी तो वापरायला हवा ना, आणि निळं बघून कोण वापरेल? मी फिकट पिवळाच ठेवलाय, पट्टीवर 1 आणि 1.5 दोन्ही आकडे ठळक छापलेत. भूवैज्ञानिकांनी अजून सही केलेली नाही.